टाकी लहान का? क्रॉसओव्हरवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या टर्बो क्रॉसओव्हरची टाकी 45 लीटरची आहे. आधीच्या सेडानची 60 लीटरची होती. गाडी स्पोर्टी असल्यामुळे वजन कमी ठेवायला टाकी लहान दिली, असं विक्रेता सांगतो. हे खरं आहे का?

फारसं नाही. एक लीटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे तुमच्या दोन गाड्यांमधला 15 लीटरचा फरक सव्वाअकरा किलोंचा झाला. दीड टनाच्या गाडीत हे एक टक्कासुद्धा नाही. शिवाय टाकी असते मागच्या सीटखाली, मागच्या चाकांच्या पुढे, जमिनीलगत. वळणावर गाडी स्थिर राहायला वजन असावं तर ते अशाच जागी. त्यामुळे ते वाचवण्याची घाई कुठल्याही इंजिनिअरला नसते. युरोपात गाडीचं अधिकृत वजन टाकी 90 टक्के भरलेली धरून मोजतात, त्यामुळे टाकी लहान असली की कागदावर काही किलो कमी दिसतात एवढं खरं. पण तो वरचा फायदा झाला. मूळ कारण जागेचं आहे.

बहुतेक लहान क्रॉसओव्हर एखाद्या हॅचबॅकच्याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात. बाहेरून गाडी उंच दिसते, पण ती उंची जमीन आणि गाडीचं पोट यांच्या मध्ये असते. टाकी खाली लोंबकळत ठेवली तर ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी गाडी घेतली तोच जाईल. वरच्या बाजूलाही मोकळीक नाही. स्पोर्टी दिसावी म्हणून छत मागे उतरतं केलेलं असतं. मग मागच्या प्रवाशाचं डोकं छताला लागू नये म्हणून सीट खाली घ्यावी लागते, आणि सीटखाली टाकी असते. टाकीचा पसारा एक मीटर बाय 60 सेंटिमीटर धरा. तिची उंची नुसती दोन सेंटिमीटर कमी झाली की 12 लीटर गेले!

बाजूंनी दाटी आहे ती वेगळीच. दणकट इंजिनाचा एक्झॉस्ट जाड असतो आणि तापतोही जास्त, म्हणून टाकी आणि पाइप यांच्यात अंतर आणि उष्णतारोधक पत्रा लागतो. मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारं असेल, तर ते दांडे आणि ते ज्यावर बसतात ती सबफ्रेम नावाची चौकट आणखी जागा मागतात.

आता जरा पैशांचं. आजची टाकी बहुधा अनेक थरांच्या प्लॅस्टिकची, साच्यातून काढलेली असते. नवीन आकार म्हणजे नवा साचा, अपघाताच्या चाचण्या पुन्हा, पेट्रोलच्या वाफा किती निसटतात त्याची तपासणी पुन्हा. म्हणून शक्य तिथे हॅचबॅकचीच टाकी क्रॉसओव्हरला लावतात. हॅचबॅकला ती पुरत होती. क्रॉसओव्हर जड, उंच, वारा जास्त अडवणारी, त्यामुळे तेवढ्याच लीटरमध्ये ती कमी अंतर जाते. लोक याला लहान टाकी म्हणतात. मी म्हणेन, गाडीची तहान वाढली आणि टाकी होती तेवढीच राहिली.

प्रश्न : एकाच मॉडेलच्या फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारात टाकी लहान कशी? जास्त पेट्रोल तर तीच पिते.

मागच्या चाकांना ताकद न्यायला गाडीच्या मधोमध शाफ्ट जातो आणि मागे ती ताकद दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल बसतो. टाकीला त्यांच्यासाठी जागा सोडावी लागते, म्हणून ती खोगिरासारखी होते : दोन्ही बाजूंना पोट, मध्ये पोकळी. माझदा सीएक्स-30 मध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची टाकी 51 लीटरची आहे, चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीची 48 लीटरची. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या निस्सान ज्यूकमध्ये तर 50 लीटरचे जेमतेम 45 झाले होते. तिथे शाफ्टच्या जोडीला मागचं सस्पेन्शनही बदललेलं होतं.

पण हा नियम नाही. मोठ्या माझदा सीएक्स-5 मध्ये उलटं आहे : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला 56 लीटर, चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला 58. जागा असली की कंपनी टाकी वाढवते.

प्रश्न : माझ्या अशाच गाडीत टाकीच्या दोन बाजूंपैकी एकीत पेट्रोल अडकून राहतं का?

नाही. मुख्य पंप एका बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचं पेट्रोल ओढून आणायला पेट्रोलच्याच प्रवाहावर चालणारा एक छोटा जेट पंप असतो, आणि पातळी मोजायला सहसा दोन्हीकडे वेगळे तरंगते सेन्सर. पेट्रोल अगदी तळाला असताना मात्र जोरात वळणं घेऊ नका. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, हवा ओढायला लागला की त्याचं आयुष्य घटतं.

प्रश्न : हायब्रिड क्रॉसओव्हरची टाकी आणखी लहान असते. तिथेही जागेचंच कारण?

हो, बॅटरीला जागा हवी. पण तिथे तक्रारीचं कारण नाही. पहिल्या पिढीच्या टोयोटा सी-एचआरची युरोपातली 1.2 टर्बो 50 लीटरची, हायब्रिड 43 लीटरची. शहरी रहदारीत हायब्रिड तरीही लांब जाते. प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडचं प्रकरण निराळं. तिचं इंजिन कित्येक दिवस सुरूच होत नाही, त्यामुळे साठलेल्या वाफा इंजिनात ओढून जाळता येत नाहीत. म्हणून बऱ्याचदा टाकी हवाबंद आणि दाब सोसणारी करतात. अशा गाडीत झाकण उघडायचं बटण दाबल्यावर काही सेकंद थांबावं लागतं, त्याचं कारण हेच. आधी दाब उतरतो.

प्रश्न : पेट्रोल भरताना नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकीत आणखी दोन-तीन लीटर बसतात. लहान टाकीवर हा उपाय चालेल?

नको. टाकीत वर उरलेली ती रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असते. तापमान 20 अंशांनी वाढलं तर 50 लीटर पेट्रोल जवळजवळ एक लीटरने फुगतं. त्याला जागा मिळाली नाही की द्रव पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि डबा निकामी होतो. मोठी टाकी बाहेरून बसवून घेण्याचा विचार तर सोडूनच द्या.

प्रश्न : मग गाडी घेताना किती लीटरची टाकी पुरेशी मानावी?

लीटर बघू नका, तुमच्या पायाला गाडी किती अ‍ॅव्हरेज देते ते बघा. टर्बो इंजिनाचं अ‍ॅव्हरेज चालवणाऱ्यावर फार अवलंबून असतं. तीच गाडी शांतपणे 15 देईल आणि पाय दाबला की 9 वर येईल. 45 लीटरमधले पाच राखीव धरले तर पहिल्या हिशेबाने 600 किलोमीटर, दुसऱ्याने 360. टेस्ट ड्राइव्ह मोठी मागा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि रोज चालवता तशीच चालवा. आलेल्या अ‍ॅव्हरेजने टाकीतून पाच वजा करून उरलेल्या लीटरना गुणा. तुमच्या नेहमीच्या लांब प्रवासात त्या अंतरावर पंप असेल, तर 45 लीटर पुरतात.