पहिली स्पोर्ट्‌स कार घेताना

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये नोकरी करतो. कित्येक वर्षे मनात असलेली माझदा एमएक्स-५ आता सेकंडहँड परवडते आहे. आनंदाने झोप लागत नाही. घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : मनापासून अभिनंदन! १९८९ मध्ये आलेल्या या दोन आसनी, हलक्या गाडीने छोट्या स्पोर्ट्‌स कारला पुन्हा चांगले दिवस आणले. आपली निवड उत्तमच आहे. मात्र इंजिनाआधी गंज पाहावा. कापडी टपावरचे पाणी वाहून नेणारी छिद्रे पाचोळ्याने तुंबली, की पाणी दारांखालच्या भागात साचून पत्रा आतून सडतो आणि हिवाळ्यात तिकडच्या रस्त्यांवर टाकलेले मीठ त्यात भर घालते. म्हणून मागच्या चाकापुढचा पत्रा दाबून पाहावा, गाडी उचलून खालून तपासून घ्यावी. पत्रा शाबूत असेल, तर टप उघडून एक फेरी मारावी आणि निःशंक मनाने व्यवहार करावा.