कोथरूडच्या हॉलमधल्या एलईडी स्क्रीनसाठी ३०००:१ कॉन्ट्रास्ट (सर्वात उजळ पांढरा आणि सर्वात गडद काळा यांच्या उजेडाचं प्रमाण) घ्यावा की ५०००:१?

या आकड्यांवरून ठरवू नका. कॅटलॉगमधला कॉन्ट्रास्ट सहसा अंधाऱ्या खोलीत मोजलेला असतो. तुमच्या हॉलमध्ये दिवे चालू असणार.

हिशोब बघा. स्क्रीन ६०० निट (स्क्रीनच्या उजेडाचं एकक), पडद्यावर दिव्यांचा ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) प्रकाश, पृष्ठभाग त्यातला ५ टक्के परत फेकतो. म्हणजे १५ लक्स परत येतो; तो सगळीकडे पसरतो, म्हणून निट काढायला ३.१४ ने भागा. काळ्या भागावरच जवळपास ५ निट उजेड! मग ५०००:१ असो वा ३०००:१, प्रत्यक्षात दोन्ही १२०:१ च्या आसपास येतात. म्हणून काळ्या आवरणाचे एलईडी आणि मॅट काळा मास्क (एलईडींच्या मधली न चमकणारी काळी जाळी) असलेलं मॉड्यूल (ज्यांना जोडून स्क्रीन बनते तो तुकडा) मागा. ब्राइटनेस वाढवत नेऊ नका, पुढच्या रांगेतल्यांचे डोळे दुखतात. स्क्रीनवर पडणारे स्पॉटलाइट मात्र नक्की वळवा.

डेमो तुमच्याच हॉलमध्ये, सगळे दिवे लावून घ्या. काळ्या शेरवानीचा फोटो दाखवायला सांगा. काळा राखाडी दिसला, तर ते मॉड्यूल नको.