सामान्य माणसाला देशाचा इतिहास आणि संविधान खरंच माहीत असतं का?

तुम्ही विचारलंय की, पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेज रोडवर, म्हणजे एफसी रोडवर केलेल्या एका व्हिडिओत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांतला फरक बऱ्याच जणांना सांगता आला नाही, तर आपल्या लोकांना इतकंही माहीत नसतं का?

तसले व्हिडिओ मीही बघतो. ज्यांना उत्तर येतं त्यांना कापतात, हे उघड आहे. पण ते सोडा, फरक सांगता न येणारे लोक आहेतच, आणि भरपूर आहेत. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं, मग लागू करायला २६ जानेवारीपर्यंत दोन महिने कशासाठी थांबले, असं विचारलं तर चांगले शिकलेलेही गडबडतात. (१९३० मध्ये २६ जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती, ती तारीख धरली. नागरिकत्व, निवडणुका अशी मोजकी कलमं मात्र नोव्हेंबरातच लागू झाली होती.)

माझं नवी पेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. आजूबाजूला सगळ्या स्पर्धा परीक्षांच्या पोरांच्या अभ्यासिका. त्यामुळे माझ्या मशीनच्या काचेवरून संविधान जितक्या वेळा गेलंय तितकं एखाद्या वकिलाच्या हातूनही गेलं नसेल. पोरं चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारत असतात, मूळ कलमं किती? ३९५. परिशिष्टं? ८. 'समाजवादी' शब्द कधी आला? ४२ वी दुरुस्ती, १९७६. चहा गार होतो पण उत्तर चुकत नाही. तो व्हिडिओवाला आमच्या गल्लीत आला असता तर त्याला हात हलवत परत जावं लागलं असतं.

माझा स्वतःचा अभ्यास यथातथाच. लेक चौथीत असताना पुस्तकातली उद्देशिका पाठ करत होती. शेवटी 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत' असं येतं. तिने विचारलं, "बाबा, स्वतःप्रत म्हणजे आपली झेरॉक्स का?" दुकानदाराची मुलगी, दिवसभर 'किती प्रती काढू' ऐकते, तिला दुसरं काय सुचणार! मी हसलो खरा, पण नीट अर्थ मलाही सांगता आला नाही. दुकानात आलेल्या एका पोराला विचारला. तो म्हणाला, काका, म्हणजे स्वतःलाच दिलं. कुणी राजाने दिलेलं नाही, आपणच आपल्याला दिलं.

दुकानाचा दुसरा मोसम म्हणजे आरटीईचे प्रवेश, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांचे. सोडतीत नंबर लागला की आईबाप फायली घेऊन येतात. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, भाडेकरार. एक बाई दरवर्षी आठवतात. दांडेकर पुलाजवळ राहतात, चार घरी पोळ्या करतात. मोठ्या मुलाचा नंबर लागला तेव्हा त्यांनी कागद काउंटरवर पत्त्यांसारखे लावले होते. कुठल्या कागदावर नावात काना चुकलाय, तहसीलच्या कुठल्या खिडकीला गर्दी कमी असते, घरापासून शाळा एक किलोमीटरच्या आत म्हणजे कशी मोजतात, सगळं तोंडपाठ. पंचवीस टक्के जागा हा शब्द माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडी जास्त. त्यांच्यामागे एक एमपीएससीवाला 'अनुच्छेद २१-क' असा मथळा असलेल्या नोट्स घेऊन उभा होता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण, ८६ वी दुरुस्ती, २००२. बाईंच्या हातात होती तीच गोष्ट. पण बाईंना ते कलम आहे हे माहीत नव्हतं, आणि त्या पोराला ते कलम समोर उभं आहे हे दिसलं नव्हतं.

त्या कलमाचा इतिहास तर पुण्यातलाच म्हणा. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं, की सरकारचा पैसा बराचसा रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. गंज पेठेतला त्यांचा वाडा माझ्या दुकानापासून गाडीवर दहा-पंधरा मिनिटं. मग १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. आणि गंमत बघा, ज्या एफसी रोडवर लोकांची फजिती केली, त्या रस्त्याचं नाव याच नामदार गोखल्यांचं आहे. तिथे वडापाव खाणाऱ्याला सोडा, माइकवाल्याला तरी ते ठाऊक होतं का, कुणी विचारलं नाही.

संविधानात हे ४५ व्या कलमात आलं, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येईल असा हक्क नाही. दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न करू, असं. म्हणजे १९६० पर्यंत. झालं नाही. हक्क व्हायला २००२ उजाडलं, कायदा २००९ मध्ये आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. फुल्यांच्या निवेदनाला तोवर १२८ वर्षं होत आली होती.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की तारखा माहीत नसण्याचं मला फार वाटत नाही. तारीख दोन मिनिटांत सांगता येते. मला खटकतं ते वेगळंच. माझ्या काउंटरवर येणारे बहुतेक लोक आरटीईला 'योजना' म्हणतात. सायकलवाटपासारखी. योजना म्हटलं की कुणीतरी दिली, उद्या काढूनही घेईल, आपण काय बोलणार. आणि तशी वेळ आलीच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये तो बदल रद्द झाला.

त्या मधल्या महिन्यांत त्या पोळ्यांच्या बाई आल्या होत्या, धाकटीचा फॉर्म भरायला. "दादा, बंद होणार म्हणतात ही योजना. खरं का?" मी म्हटलं, कोर्टात आहे. आणि योजना नाहीये ताई ती, संविधानात लिहिलंय. मागे कुणाच्या तरी नोट्स छापून निघाल्या होत्या, त्यातलं २१-क चं पान मी त्यांना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. 'राज्य' शब्दावर थांबून विचारलं, राज्य म्हणजे सरकारच ना? मी हो म्हटलं.

"याच्या दोन प्रती काढा," त्या म्हणाल्या. "एक फायलीत लावते, एक माझ्याकडे राहू दे."