खणातल्या चिठ्ठ्या

प्रिय ताई,

मी ४३ वर्षांचा आहे. नोकरी जबाबदारीची. दिवसभर मीटिंग, फोन आणि कुणाची तरी घाई. दोन वर्षांपूर्वी डोकेदुखी आणि चिडचिड इतकी वाढली की डॉक्टरांकडे गेलो. सगळ्या तपासण्या ठीक आल्या. ताण कमी करा, म्हणाले. तेव्हापासून योग सुरू केला. पहाटे पाचला उठून २७ सूर्यनमस्कार, मग आसनं, मग १५ मिनिटं कपालभाती आणि भस्त्रिका. संध्याकाळी घरी आलो की कपडे बदलून थेट खोलीत, अर्धा तास ध्यान. ध्यानाचं ॲप आहे, त्यात सलग ३९१ दिवसांची नोंद आहे. एकही दिवस चुकवलेला नाही. तरीही खोलीतून बाहेर आलो की पहिल्या पाच मिनिटांत कुणावर तरी ओरडतो. बायको म्हणते, योग सुरू केल्यापासून तू जास्तच चिडका झालास. मला कसलं व्यसन नाही, मित्रांमध्ये वेळ घालवत नाही. स्वतःसाठी एवढाच वेळ मागतो, तोही धड मिळत नाही. दाराला आतून कडी लावली तरी मुलगा (तिसरीत आहे) दाराखालून चिठ्ठ्या सरकवतो, त्या मी नंतर बघू म्हणून खणात टाकतो. लक्ष उडतं ते उडतंच. ध्यानाची वेळ वाढवू, की प्राणायाम बदलू?

– शांततेच्या शोधात

प्रिय भाऊ,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी प्राणायामाबद्दलच लिहिणार होते. तुम्ही विचारलंत तेच. दुसऱ्यांदा वाचताना त्या एका वाक्याशी अडले आणि पेन खाली ठेवलं. चिठ्ठ्या. खण.

मुलाने एकदा चिठ्ठी सरकवली, असं तुम्ही लिहिलेलं नाही. "चिठ्ठ्या सरकवतो" असं लिहिलंय. म्हणजे हे वरचेवर घडतं. सूर्यनमस्कार किती ते तुम्हाला माहीत आहे, कपालभाती किती मिनिटं ते माहीत आहे, ॲपवरचे ३९१ दिवस तर तोंडपाठ आहेत. चिठ्ठ्या किती आहेत? त्यांत काय लिहिलंय? त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, कारण त्या तुम्ही उघडलेल्याच नाहीत.

नुकतं कुठे जोडाक्षरांना सरावलेलं पोर ते. वहीचं पान फाडतं, पेन्सिल शोधतं, लिहितं, घडी घालतं, जमिनीवर पालथं पडून ती घडी फटीतून आत ढकलतं. ढकलून झाल्यावर लगेच उठून जात असेल असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत. ते थोडा वेळ तिथेच थांबत असणार. आत तुम्ही डोळे मिटून स्वतःचा श्वास बघत असता.

मला राग आला, तो लपवत नाही. त्या चिठ्ठ्यांत काय असेल ते मला माहीत नाही. चित्र असेल, अडलेलं गणित असेल, कुणाची तरी तक्रार असेल, नाहीतर नुसतं "बाबा, झालं का?" एवढंच असेल. मला माहीत नसणं ठीक आहे. तुम्हाला माहीत नाही, हे ठीक नाही.

तुम्हाला वाटतं की चिठ्ठी आली म्हणून लक्ष उडतं. जरा आठवून बघा, चिठ्ठी यायच्या आधी तुमचं लक्ष कुठे असतं? डोळे मिटलेले असतात, पाठ ताठ असते, आणि कान दाराच्या फटीशी असतात. आता येईल, आता खसखसेल. जबडा आवळलेला असतो, खांदे किंचित वर उचललेले असतात. धोका येणार असं वाटलं की शरीर जी तयारी करतं, तीच ही तयारी. ठोके वाढतात, श्वास वर छातीत अडकतो, स्नायू ताठरतात. ही तयारी अनुकंपी मज्जासंस्था करते, आणि दाराबाहेर वाघ आहे की तिसरीतला मुलगा, याची चौकशी करत बसत नाही. तुम्ही त्या आवाजाला शत्रू ठरवलंत, शरीराने ते मान्य केलं. अर्धा तास तुम्ही पहारा देत असता. पहाऱ्यावरून उठलेला माणूस दार उघडताच पहिला दिसेल त्याच्यावर ओरडतो, याचं मला काहीच नवल वाटत नाही.

माझ्या शिक्षिका एक गोष्ट करायच्या. आम्ही डोळे मिटून बसलेलो असताना कुणाचा तरी फोन वाजायचा. सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. त्या हळू आवाजात म्हणायच्या, "वाजू द्या. नीट ऐका. कुठे सुरू झाला, कसा चढला, कुठे संपला." फोन वाजून थांबला की त्यानंतरची शांतता आम्हाला पहिल्यांदाच ऐकू यायची. आवाज बाहेर ठेवायचा प्रयत्न त्यांनी वर्गात कधीच केला नाही. खिडक्याही उघड्या असायच्या. मला हे अंगी लागायला बरीच वर्षं गेली, पण बसण्याबद्दल मला जे काही कळतं ते तिथूनच कळलं.

सजगता (माइंडफुलनेस) हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो, तुमच्या ॲपमध्येही असेल. ताणावरचा उपाय म्हणून त्याला दवाखान्यात जागा मिळवून दिली जॉन कबाट-झिन यांनी. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी ज्यांची दुखणी औषधांनी हटत नव्हती अशा रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवड्यांचा. त्यात बसून ध्यान आहे, पडल्या पडल्या शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं आहे, सौम्य योगासनं आहेत. त्याची सुरुवात मात्र होते एका मनुक्याने. प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवतात. जन्मात कधी पाहिलाच नाही असा तो बघायचा. सुरकुत्या, रंग, वास. बोटांत फिरवून, कानाशी नेऊन, मग अगदी सावकाश चावायचा. वाळलेल्या एका द्राक्षाला माणसं इतकं लक्ष देतात. तुमच्याकडे मुलाने घडी घालून पाठवलेला कागद येतो आणि तो खणात जातो.

तुम्ही योग म्हणता त्याचा क्रमही एकदा बघा. पतंजलींनी आठ अंगं सांगितली: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. तुम्ही सुरुवात तिसऱ्यापासून केलीत. तिथून चौथ्यावर, तिथून एकदम सातव्यावर. बहुतेक सगळे तसंच करतात, त्यासाठी तुम्हाला बोल लावत नाही. पण पहिलं अंग यम, आणि यमांतलाही पहिला अहिंसा. तिच्याबद्दल पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्या भागात, साधनपादात, एक सूत्र आहे, ३५वं. अहिंसा ज्याच्या ठायी स्थिर झाली, त्याच्या सन्निध वैर गळून पडतं, असं ते सांगतं. "तत्सन्निधौ" हा त्यातला शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्याच्याजवळ. साधना टिकली की नाही हे जवळ असणाऱ्या माणसाला कळतं, साधकाला स्वतःला आणि त्याच्या ॲपला ते कळायला फार उशीर लागतो. तुमच्याजवळ कोण आहे? दाराबाहेर पालथं पडलेलं एक मूल, आणि ज्यांचं एक वाक्य तुम्ही पत्रात तक्रार म्हणून लिहिलंत त्या तुमच्या पत्नी. ती तक्रार नसून नोंद आहे. तुमच्या ॲपमधल्या नोंदीपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास बसतो.

व्यसन नाही, मित्रांत वेळ घालवत नाही, हे तुम्ही ज्या सुरात लिहिलंत त्यावर माझ्याकडून शाबासकी मिळणार नाही. जो माणूस घरी येतो आणि कडी लावतो, तो घराबाहेर वेळ घालवतच असतो.

आता प्राणायाम, कारण तुम्ही तेही विचारलंत. कपालभाती आणि भस्त्रिका हे दोन्ही चेतवणारे आहेत. श्वास जोरात आणि भराभर, त्याने अंगात तरतरी येते, ठोके वाढतात. सकाळी आळसावलेल्या माणसाला ते बरं वाटतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना मात्र ते टाळायलाच सांगतात. आधीच तापलेल्या डोक्याने रोज १५ मिनिटं तेच करणं मला पटत नाही. तुमची गरज उलटी आहे, श्वास मंद करण्याची. मनगटावर नाडी धरून बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस नसेला काम करायला वाव मिळतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. चार आकडे मोजत आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असं केलं की ते सहाच्या आसपास येतात. रोखून धरायचं काही नाही, ताणायचं काही नाही. ऑफिसातून निघण्यापूर्वी खुर्चीत बसून पाच मिनिटं एवढंच करा, म्हणजे घरात शिरताना खोलीकडे धावावं लागणार नाही. डोकेदुखी अजून असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा, दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर विसंबू नका. या विषयावर एवढं पुरे.

कारण मला तुमच्याकडून एकच गोष्ट करून हवी आहे, आणि ती आज संध्याकाळीच.

घरी या, कपडे बदला, खोलीत जा, मॅट अंथरा. कडी लावू नका. ॲप उघडू नका. ३९१ची माळ तुटेल, तुटू द्या. तुम्हाला ते किती जड जाईल ते मला कळतं. ती एकच गोष्ट आहे जी इतक्या दिवसांत तुमच्या हातून सुटली नाही, त्यामुळे तिला घट्ट धरून बसावंसं वाटणं साहजिक आहे. तरी सोडा.

खण बाहेर काढा आणि मांडीवर घ्या. एक चिठ्ठी उचला. उघडण्यापूर्वी घडी बघा, सरळ आहे की तिरपी. कागद कुठल्या वहीचा आहे ते बघा. मग उघडा. अक्षर कुठे दाबून काढलंय, कुठे खोडलंय, कुठल्या शब्दाशी अडला असेल. वाचा. एक लांब श्वास सोडा. मग दुसरी. घाई नको, सगळ्या एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, संख्या मोजून मला कळवूही नका. मनात उत्तरं तयार होऊ लागतील, सबबी तयार होऊ लागतील, त्या वेळेला मी किती थकलेलो असायचो वगैरे. श्वासाकडे परत यायची सवय आहेच तुम्हाला, तसे चिठ्ठीकडे परत या. ३९१ दिवसांची ती मेहनत इथे उपयोगी पडेल.

वाचताना डोळे भरून आले तर भरू द्या. अपराधी वाटेल, तेही वाटू द्या. फक्त ते अपराधीपण घेऊन मुलासमोर जाऊन रडू नका, त्याला मिठी मारून माफी मागून त्याच्यावर तुमचा भार टाकू नका. त्याने तुमच्याकडे माफी मागितलेली नाही. जे मागितलंय ते चिठ्ठीत आहे.

मधेच दार लोटून तो आत आला तर येऊ द्या. तुमच्याजवळ पसरलेल्या चिठ्ठ्या बघून तो काय करेल हे मी सांगू शकत नाही. लाजेल, हसेल, एखादी ओढून घेईल, नाहीतर काही न बोलता शेजारी बसेल. बसला तर त्याला ध्यान शिकवायला जाऊ नका, पाठ ताठ कर म्हणू नका. पहिले काही दिवस तुम्हाला त्याच्या हालचालीचा त्रास होईल, आणि जबडा आवळला जातोय हे लक्षात येईल. लक्षात आलं की सैल सोडा. रोजची बैठक उद्यापासून याच खोलीत, पण दार उघडं ठेवून, आणि अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांची. उरलेली वीस मिनिटं त्याची आहेत. ती कशी घालवायची ते तो सांगेल.

चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या असतील, तर वाट न बघता आजच हे करा. हे वाक्य लिहिताना मला धास्ती वाटते आहे. शेवटची चिठ्ठी कधी आली, हेही तुमच्या पत्रात नाही.

आणि रात्री तो झोपायला गेला की पहिल्या चिठ्ठीचं उत्तर लिहा. पेन्सिलीने, त्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. त्याने जे विचारलं असेल तेवढंच उत्तर, दोन ओळींचं. हातात देऊ नका, सकाळी तो उठायच्या आधी त्याच्या दाराखालून सरकवा. कागद लहानच घ्या आणि घडी एकच घाला, जाड झाली तर फटीत अडकते.

तुमची,
ताई