पिल्लासाठी कोणती पॉलिसी?

प्रश्न : आठ आठवड्यांचं लॅब्रडॉरचं पिल्लू आणलंय. विम्याच्या दोन पॉलिसी समोर आहेत. एकीचा हप्ता दुसरीच्या निम्मा. स्वस्तातली चालेल का?

उत्तर : हप्ता शेवटी बघा. आधी 'काय मिळणार नाही' ते पान काढा आणि चष्मा लावून वाचा. लॅब्रडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, बऱ्यापैकी आढळतो आणि तो आनुवंशिक असतो. आनुवंशिक आजार वगळलेले असतील, तर ज्याची धास्ती जास्त नेमकं तेच बाहेर राहिलं.

मग प्रतीक्षा काळ. आमच्या बंड्या कुत्र्यानं पॉलिसी घेतल्याच्या नवव्या दिवशी माझा पायमोजा गिळला. अख्खा! ऑपरेशन करून काढावा लागला. दावा फेटाळला, कारण पहिले चौदा दिवस संरक्षणच नव्हतं. चूक माझी, कागद न वाचता ड्रॉवरमध्ये टाकले होते.

पॉलिसीआधी दिसलेला आजार कंपन्या सहसा धरत नाहीत, म्हणून पिल्लू ठणठणीत असतानाच विमा काढा. लसींचं कार्ड जपा. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस चुकवली आणि तोच आजार झाला, तर कंपनी हात वर करू शकते. लस, जंताचं औषध, नसबंदी यांचा खर्च साध्या पॉलिसीत बहुधा नसतोच.

खर्चाची मर्यादा वर्षाची की एका आजाराची, हेही विचारा. त्वचेची ॲलर्जी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. मर्यादा आजाराची असेल, तर ती रक्कम एकदाची संपली की पुढची बिलं तुमची. आणि त्या निम्म्या हप्त्याच्या पॉलिसीत प्रत्येक बिलाचा किती टक्के वाटा तुमच्या माथी आहे? उत्तर लेखी घ्या.