लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज, जीपीएफ की जमीन?

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ५४, निवृत्तीला चार वर्षं. नोकरी २००५च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन आणि जीपीएफ (सरकारी नोकरांचा भविष्य निर्वाह निधी). थोरल्या लेकीला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. फी वर्षाला ३ लाख, हॉस्टेल-मेस १ लाख २० हजार, लॅपटॉप ६० हजार. चार वर्षांचे साडेसतरा लाखांच्या आसपास. धाकटा यंदा नववीत गेलाय. हातात पगार ७४ हजार येतो, घरखर्च ३८ हजार, पतसंस्थेचा हप्ता १२ हजार आणि तो आणखी १४ महिने. बँकेत अडीच लाखांची एफडी आहे. घर तारण दिलं तर बँक १० टक्क्यांनी १६ लाख द्यायला तयार आहे. मेव्हणे म्हणतात, जीपीएफमध्ये १९ लाख पडून आहेत, तिथून काढा. भाऊ म्हणतात, तुमच्या वाट्याला येणारे ३० गुंठे विकून मोकळे व्हा. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमच्या घरात आजवर कुणी एवढं कर्ज काढलेलं नाही. रात्री झोप लागत नाही."

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पुण्यालाच पाठवायचं ठरलं तर कर्ज काढा, पण १६ लाखांचं नको, साडेसात लाखांचं काढा. घर तारण ठेवू नका, जमीन विकू नका आणि जीपीएफला आत्ता हात लावू नका.

बँक किती द्यायला तयार आहे यावरून कर्जाचा आकडा ठरवायचा नसतो. तो ठरतो फेडणाऱ्याच्या पहिल्या पगारावरून. तुम्ही १६ लाख घेतलेत असं धरू. बँक ते एकदम देत नाही, दरवर्षी चार-चार लाख थेट कॉलेजच्या खात्यात भरते. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. या काळात ते सरळव्याज असतं, तरी पहिल्या चार लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्या चारवर चार वर्षांचं, असं करत ५ लाख ६० हजार होतात. हप्ता सुरू होतो त्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि कर्ज २१ लाख ६० हजारांचं होतं. पंधरा वर्षांची मुदत घेतली तरी हप्ता २३ हजार २०० रुपयांच्या घरात जातो. सगळा हिशोब केला तर १६ लाखांसाठी जवळपास ४२ लाख भरावे लागतात.

आता लेकीच्या बाजूने बघू. कॅम्पसमधून मोठ्या आयटी कंपन्या शेकड्यांनी मुलं उचलतात, तिथे सुरुवात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास होते. म्हणजे हातात २५-२६ हजार. तिला याहून चांगली नोकरी लागावी असं मलाही मनापासून वाटतं, पण हिशोब मी याच पगारावर धरतो. पुण्यात रूम आणि डब्याचे १२-१३ हजार गेले की उरतात तेवढेच. त्यातून २३ हजारांचा हप्ता ती कसा देणार? मग तो तुमच्या पेन्शनीवर येतो, आणि तारण असतं ते घर.

तुमच्यासारख्यांना मी सगळ्यात जास्त कळवळून सांगतो ते या व्याजाबद्दल. मागे मिरजेच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. किराणा दुकानाच्या पिशवीत बँकेचं स्टेटमेंट घडी करून ठेवलेलं. टेबलावर ते पसरून त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सहा घेतले होते, सव्वाआठ कसे झाले?" मुलगा नुकताच पास झाला होता, त्यांनी आजवर कुणाचा एक रुपया बुडवलेला नव्हता. मी एकेक वर्षाचं व्याज त्यांना कागदावर मांडून दाखवलं. बराच वेळ त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "महिन्याला हजार-दीड हजार तर मी तेव्हाही भरले असते, कुणी सांगितलंच नाही." कर्ज देताना हे कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून मी सांगतो: हप्ता सुरू झाला नसला तरी व्याज दर महिन्याला भरता येतं. ते भरलंत तर कर्ज घेतलं तेवढंच राहतं. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सवलत देता येते, अशी तरतूद इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. सगळ्या बँका ती देत नाहीत, पण शाखेत विचारायचं आणि देणार असतील तर मंजुरीपत्रात लिहून घ्यायचं. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात. तुम्हाला सांगितलेल्या १० टक्क्यांत ती धरली आहे का, हेही विचारा.

साडेसात लाखच का, तर त्या मर्यादेपर्यंतचं कर्ज बँकेने केंद्र सरकारच्या हमी योजनेखाली घेतलं की ना तारण लागतं ना बाहेरचा जामीनदार. तुम्ही सहकर्जदार म्हणून सही करायची, एवढंच. त्यापुढे तारण आलं, म्हणजे वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखत आणि त्यांचा खर्च. तुमचं घर गावठाणातलं, उतारा अजून वडिलांच्या नावावर. त्या कागदपत्रांत प्रवेशाची मुदत निघून जाईल ही वेगळीच भीती.

आता हे घरखर्चात बसतं का ते पाहू. साडेसात लाखांचे चार भाग केले तर बँक वर्षाला १ लाख ८७ हजार ५०० फी भरेल. उरलेली १ लाख १२ हजार ५०० तुम्ही भरायची, म्हणजे महिन्याला ९,३७५. हॉस्टेल-मेसचे महिन्याला १० हजार. पहिल्या वर्षीचं व्याज महिन्याला साधारण १,५६०. बेरीज २१ हजारांच्या आत, आणि तुमच्याकडे उरतात २४ हजार. ओढाताण होईल, मान्य आहे. पण ती १४ महिन्यांचीच. पतसंस्थेचा हप्ता संपला की तुमच्या हातात ३६ हजार राहतील, आणि शेवटच्या वर्षी व्याज ६,२५० झालं तरी सगळा खर्च पावणेसव्वीस हजारांच्या आत बसतो. उरलेल्या दहा हजारांची आरडी धाकट्याच्या नावाने सुरू करा. तोही चार वर्षांनी याच दारात उभा राहणार आहे, नेमका तुमच्या निवृत्तीच्या वर्षी. पहिल्या जुलैत फी, हॉस्टेल, लॅपटॉप सगळं एकदम येईल. तिथे एफडी मोडा, ती त्यासाठीच ठेवलेली असते. हॉस्टेलची फी दोन टप्प्यांत घेतात का तेही विचारून घ्या.

असं केलंत तर दहा वर्षांच्या मुदतीने तिचा हप्ता ९,९०० रुपये येतो. व्याज न भरता तसंच चढू दिलंत तर हेच कर्ज १० लाख १२ हजारांवर जाईल आणि हप्ता १३,४०० होईल. सव्वीस हजारांच्या पगारात ९,९०० जमतात. पगार वाढला की जादा रक्कम भरून कर्ज लवकर संपवता येतं, बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो.

मेव्हण्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. जीपीएफवर ७.१ टक्के व्याज मिळतं आणि कर्जावर १० टक्के द्यायचं, मग स्वतःचे पैसे का वापरू नयेत? निव्वळ गणितात ते बरोबर आहेत. तुम्हाला पेन्शनही आहे, त्यामुळे खासगी नोकरीतल्या माणसाला मी जेवढ्या कडकपणे पीएफपासून लांब ठेवतो, तेवढं तुम्हाला ठेवणार नाही. पण ना-परतावा म्हणून काढलेली रक्कम परत त्या खात्यात जात नाही, आणि तुम्हाला लेकरं दोन आहेत. थोरलीच्या पहिल्या वर्षातच ती ठेव फोडली तर धाकट्याच्या वेळी घरच गहाण पडेल. शिवाय तीन टक्क्यांच्या फरकाने साडेसात लाखांवर वर्षाला बावीस हजारांच्या आसपास जादा जातात, तेही सगळं कर्ज उचलल्यावर. तेवढ्या किमतीत १९ लाख हाताशी राहतात, आणि चार वर्षांत घरात आजारपण आलं तर परतावा अग्रिमही, म्हणजे हप्त्यांनी परत भरायची उचलही, तिथूनच घेता येतो. ती तुमची दुसरी फळी आहे, तिला पुढे आणू नका.

जमिनीबद्दल फार लिहीत नाही. सातबारा अजून सामाईक आहे, वाटणी झालेली नाही. अशा जमिनीला घाईत गिऱ्हाईक शोधलं की भाव पडूनच मिळतो.

शाळेतले सहकारी म्हणाले की शैक्षणिक कर्जावर टॅक्स वाचतो. ज्याला सगळे ८० ई म्हणतात ती वजावट खरी आहे, व्याजाच्या रकमेवर मर्यादाही नाही. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठच वर्षं मिळते, आणि ही आठ वर्षं व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून मोजतात. तुमचं एकूण वेतन १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे, म्हणजे नव्या प्रणालीत तुम्हाला तसाही कर शून्य. तेव्हा ही गोष्ट निर्णयातून काढून टाका.

झोप उडवणारा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत, पण तो आहेच: नोकरी लागलीच नाही तर? कोर्स संपल्यावर एक वर्ष तर मिळतंच. त्यानंतरही काही काळ लागला तर दहा हजारांचा हप्ता तुमच्या पेन्शनीतून निघू शकतो, आणि अगदीच गरज पडली तर निवृत्तीच्या पैशांतून साडेसात लाख एकरकमी फेडून टाकता येतात. सोळा-एकवीस लाखांच्या बाबतीत मी हे म्हणू शकलो नसतो. बँक पेन्शन जप्त करेल का, असं तुमच्या पत्नी विचारत होत्या. सरकारी पेन्शनीवर बँकेला जप्ती आणता येत नाही, १८७१च्या पेन्शन कायद्यापासून ते संरक्षण आहे. पण हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि लेकीबरोबर तुमचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडतो. धाकट्याच्या कर्जाला सहकर्जदार तुम्हीच असणार, हे लक्षात ठेवा. म्हणून अडचण दिसली की हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्यायचा, मुदत वाढवून मागायची. गप्प बसल्यामुळे बिघडलेली खाती मी फार पाहिली आहेत.

बँक कर्जासोबत विमा देऊ करेल आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवेल. अठरा वर्षांच्या मुलीसाठी साधा टर्म विमा वेगळा काढला तर तो बहुधा स्वस्त पडतो. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ठरवा.

आता मूळ प्रश्नाकडे. पत्राच्या मध्यावर तुम्ही ओझरतं लिहिलंय की कॅप राउंडमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) घरापासून एसटीने तासाभरावर असलेल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळतंय, फी १ लाख ३० हजार. तिथे चार वर्षांचे सव्वापाच लाखांच्या आत होतात, महिन्याला अकरा हजारांच्या आत. म्हणजे कर्जच लागत नाही. मी पुण्याच्या विरोधात नाही, पण दोन्ही कॉलेजांत स्वतः जा आणि प्लेसमेंट कार्यालयात एकच विचारा: गेल्या वर्षी या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती? फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज एकाच मुलाचं असतं. मधल्या मुलाच्या पगारात दोन्हीकडे फार फरक नसेल, तर बारा लाख जास्त खर्चून पुण्याला पाठवावं असं मला वाटत नाही. फरक मोठा असेल तर वर लिहिलेल्या पद्धतीने बिनधास्त पाठवा.

(ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली आहे, त्यांनी कर्जाचा विचार करण्याआधी एक गोष्ट तपासावी. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या अशा मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५पासून पूर्ण माफ केलंय. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. गुरुजींचं उत्पन्न त्या मर्यादेबाहेर आहे.)

गुरुजी, तुमच्या दोन पानी पत्रात मेव्हणे आहेत, भाऊ आहेत, बँकेचे साहेब आहेत, पण लेक काय म्हणते ते कुठेच नाही. कर्ज तिच्या नावावर असणार, फेडणार तीच. या रविवारी तिला शेजारी बसवा, एका कागदावर २३,२०० आणि दुसऱ्यावर ९,९०० लिहा, आणि २६ हजारांच्या पगारातून तिला स्वतःला महिन्याचा हिशोब मांडू द्या. इलेक्ट्रॉनिक्सचा कागदही तिथेच ठेवा. ती काय म्हणाली ते मला कळवा. बँकेत त्यानंतरच जा, आणि जाताना तिलाही सोबत न्या.