‘पुट ऑफ’ आणि आपला इंदुरी ‘टळला’

‘द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे’ हा निरोप वाचून तुमच्या घरात निम्म्या जणांनी भाचीची मुलाखत रद्द झाली असे धरले, याचे मला नवल वाटत नाही. ‘पंखा ऑफ कर’ असे आपण दिवसभर म्हणत असल्यामुळे ऑफ म्हणजे बंद, हे कानांत पक्के बसलेले असते. येथे ऑफचा अर्थ ‘लांब’ असा आहे, म्हणजे ठरलेली वेळ उचलून पलीकडे ठेवली. रद्द करण्यासाठी ‘कॉल ऑफ’ आहे. शिवाय पुढे ‘टिल मंडे’ असताना रद्द होण्याचा प्रश्नच उरत नाही.

इंदुरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण मात्र दुहेरी आहे. हिंदीतल्या ‘कार्यक्रम टल गया’चे, म्हणजे पुढे ढकलला गेला याचे, आपण बेधडक ‘कार्यक्रम टळला’ करतो. पण मराठीत टळते ते संकट, आणि टळले म्हणजे आलेच नाही. गंमत अशी की इंग्रजी ‘पुट ऑफ’मध्ये या टाळण्याचीही छटा आहे. कचेरीने बैठक ‘पुट ऑफ’ केली तर ती पुढे ढकलली. पण ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’ म्हणणारा माणूस दाढ ठणकत असतानाही चालढकल करतो आहे. या वाक्यात ‘टू गो’ चालत नाही, ‘गोइंग’च हवे. तसेच ‘पुट इट ऑफ’ म्हणावे. ‘पुट ऑफ इट’वर शिकवण्याच्या काळात मी किती लाल शाई खर्च केली, त्याचा हिशेब नाही.

कर्म माणूस असेल तर अर्थ पालटतो. ‘ही पुट मी ऑफ विथ एक्सक्यूजेस’ म्हणजे त्याने सबबी सांगून माझी बोळवण केली. रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस खायला हौसेने जावे आणि शेजारच्या कढईतल्या जळक्या तेलाच्या वासाने खाण्यावरची वासनाच उडावी, तेव्हा ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणतात. तेथे वेळेचा काही संबंध नाही.

भाचीने सोमवारी जरूर जावे. निरोपाला लेखी उत्तर द्यायचे असल्यास ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन्ड’ लिहावे. औपचारिक पत्रात तेच शोभते.